घरच्या सेट-टॉप बॉक्सवरून परदेशात येणारा टीव्ही नीट रेकॉर्ड कसा करावा?

तुम्ही लिहिले आहे की कामानिमित्त तुम्ही परदेशात राहता, घरच्या सेट-टॉप बॉक्सला एचडीएमआय एन्कोडर, म्हणजे बॉक्समधून येणारे चित्र दाबून नेटवरून पाठवणारे यंत्र, जोडून ठेवला आहे आणि त्याचे स्ट्रीमिंग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पाहता. परंतु वेळेतील फरकामुळे हवे ते कार्यक्रम तुमच्या मध्यरात्री लागतात. म्हणून स्क्रीन रेकॉर्ड करून पाहिली, तर चित्र मधूनमधून गोठते, तासाभरात आवाज ओठांच्या पुढे जातो आणि एकदा तर चार तासांची एमपी४ फाइल उघडलीच नाही. यावर उपाय काय, असा तुमचा प्रश्न आहे.

मी स्वतः काही वर्षे हाच खटाटोप केला आहे आणि त्यातून बनलेले माझे ठाम मत असे की रेकॉर्डिंग परदेशात करूच नये. ते घरी, बॉक्सच्या शेजारी करावे आणि तयार झालेली फाइल नंतर सावकाश मागवून घ्यावी. थेट स्ट्रीमिंगमध्ये वेळेवर न पोहोचलेला डेटा सोडून देऊन पुढे जावे लागते, आणि त्या क्षणी जे गळाले ते कायमचे गळाले. फाइल पाठवताना मात्र घाई नसते. नेट दहा मिनिटे बंद पडले तरी ते आल्यावर काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते आणि शेवटी एकूण एक बाइट जागेवर पोहोचतो. रेकॉर्डिंग म्हणजे नंतर पाहणेच असल्यामुळे हा उशीर आपल्याला काहीही महाग पडत नाही.

त्याआधी एक सोपी गोष्ट तपासून पाहा. तुमच्या बॉक्समध्ये स्वतःची रेकॉर्डिंगची सोय असेल, म्हणजे आत हार्ड डिस्क असेल किंवा यूएसबी डिस्क जोडता येत असेल, तर कार्यक्रम बॉक्सलाच रेकॉर्ड करू द्या आणि तुमच्या सोयीच्या वेळी बॉक्सवर तो लावून एन्कोडरमार्फत पाहा. अशा डिस्कवरील फाइली बहुधा सांकेतिक स्वरूपात आणि त्याच बॉक्सशी बांधलेल्या असतात, त्यामुळे ती डिस्क संगणकाला जोडून काही हाती लागत नाही. पण तोच बॉक्स त्या निर्वेधपणे चालवतो आणि तुम्हाला तेवढेच हवे आहे. अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो.

बॉक्समध्ये ही सोय नसेल, तर घरच्या राउटरजवळ एक छोटा संगणक ठेवावा लागेल. रास्पबेरी पायसारखे साधे यंत्रही पुरते, कारण चित्र दाबून लहान करण्याचे जड काम एन्कोडर आधीच करत असतो आणि या संगणकाला घरच्या नेटवर्कवर आलेला डेटा फक्त डिस्कवर उतरवून घ्यायचा असतो. एफएफएमपेग नावाच्या मोफत प्रोग्रॅमला कॉपी पद्धतीने चालवले की तो चित्राला हात न लावता जसेच्या तसे साठवतो. डेटा मेमरी कार्डावर साठवू नका, बाहेरची डिस्क जोडा; सततच्या लेखनाने कार्ड लवकर खराब होते. बऱ्याच एन्कोडरमध्ये एकाच वेळी दोन स्ट्रीम काढता येतात, त्याचा पुरेपूर फायदा घ्या: सेकंदाला ८ मेगाबिटचा चांगला स्ट्रीम घरात रेकॉर्डिंगसाठी आणि २ मेगाबिटचा हलका स्ट्रीम तुम्हाला बाहेरून थेट पाहण्यासाठी. ८ मेगाबिटच्या दराने एका तासाची फाइल सुमारे ३.६ गिगाबाइटची होते. घरच्या नेटचा अपलोडचा वेग ४ मेगाबिट असला तरी ती दोन तासांत तुमच्यापर्यंत येते, मात्र तेवढ्याच वेगात ८ मेगाबिटचा स्ट्रीम थेट पाहणे अशक्य आहे. चांगले चित्र मिळवण्याचा रस्ता घरच्या रेकॉर्डिंगमधूनच जातो तो या साध्या हिशेबामुळे.

एन्कोडरची एक सेटिंग बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जगाच्या मोठ्या भागात टीव्हीचे चित्र ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा बदलत, चालते, तर कित्येक एन्कोडर मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर बसवलेले येतात. ५० हर्ट्झचे चित्र ३० फ्रेममध्ये कोंबले की बातम्यांच्या खालची सरकती पट्टी अडखळत धावते आणि आपण नेटला दोष देत बसतो. तुमचा बॉक्स ५० हर्ट्झचा असेल तर एन्कोडर २५ किंवा ५० वर ठेवा, आणि ६० हर्ट्झचा असेल तर ३० किंवा ६० वर.

आता न उघडलेल्या फाइलविषयी. साध्या एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. वीज गेली किंवा संगणक मध्येच बंद पडला, तर चार तासांचा डेटा डिस्कवर असूनही तो वाचायचा कसा हे प्लेअरला कळत नाही. याच कारणाने मी घरातील एका समारंभाच्या दिवशीचे प्रक्षेपण गमावले आहे आणि ते पुन्हा कधीच दाखवले गेले नाही. त्याची हळहळ अजून आहे. तेव्हापासून मी एमपीईजी-टीएस किंवा एमकेव्ही याच स्वरूपात रेकॉर्ड करतो. ही फाइल मध्येच तुटली तरी तोवरचा भाग शाबूत राहतो, आणि नंतर हवे तर चित्राला धक्का न लावता काही मिनिटांत तिची एमपी४ करता येते. शिवाय दर अर्ध्या तासाला नवी फाइल सुरू होईल अशी व्यवस्था ठेवा. डिस्क फॅट३२ पद्धतीची असेल तर एक फाइल ४ गिगाबाइटपलीकडे जाऊच शकत नाही, म्हणून ती आधीच बदलून घ्या.

यंत्रांपेक्षा मला जास्त दगा दिला तो बॉक्सच्या झोपेने. काही तास रिमोटचे बटण दाबले गेले नाही, तर अनेक बॉक्स आपोआप स्टँडबायमध्ये जातात आणि तुमच्या हाती पडते ती काळ्या पडद्याची निर्दोष रेकॉर्डिंग. मेनूमध्ये वीज बचतीचा पर्याय शोधून तो बंद करा. तो बंद होत नसेल, तर कार्यक्रमाच्या थोडे आधी इन्फ्रारेड ब्लास्टरमधून, म्हणजे रिमोटसारखे इशारे सोडणाऱ्या छोट्या यंत्रातून, एखादे निरुपद्रवी बटण दाबले जाईल असे वेळापत्रक लावा; चॅनेल बदलण्यासाठी हा ब्लास्टर तुम्हाला लागणारच आहे. कार्यक्रमाची आठवण लावल्यावर काही बॉक्स स्वतःहून त्या चॅनेलवर जातात, आणि ती सोय असेल तर तीच अधिक भरवशाची. घरच्या संगणकाचे घड्याळ आणि सगळे वेळापत्रक घरच्याच वेळेवर ठेवा, म्हणजे तुम्ही राहता त्या देशात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकले तरी काही बिघडत नाही. कार्यक्रमाआधी ५ आणि नंतर १५ मिनिटे जास्तीची धरा, विशेषतः सामना असेल तर.

आणि एक विनंती मनापासून करतो. त्याच बॉक्सवर घरातील कोणी टीव्ही पाहत असेल, तर तुमच्या वेळापत्रकाने त्यांच्या डोळ्यांदेखत चॅनेल बदलेल. वयस्कर माणसे याची तक्रार करत नाहीत, मुलासाठी चालवून घेतात, म्हणून ते आपल्याला कळतही नाही. शक्य असेल तर रेकॉर्डिंगसाठी वेगळा बॉक्स घ्या. या संपूर्ण मांडणीत मी सर्वात आवश्यक खर्च तोच मानतो.

घरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर पूर्णपणे अवलंबून ठेवू नये, असेही मला वाटते. घरचा टीव्ही जगात कुठेही दाखवणारे स्लिंगबॉक्स हे यंत्र २००५ मध्ये बाजारात आले आणि पुढे खूप लोकप्रियही झाले. पण ९ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले, तेव्हा घराघरांत सुस्थितीत असलेली यंत्रेही निकामी ठरली. स्वतःचा व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये नेणारा खासगी, सुरक्षित मार्ग, उदाहरणार्थ वायरगार्ड, बसवला की हा धोका बराच कमी होतो. तुमच्या घरच्या राउटरला १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला पत्ता मिळत असेल, तर नेट पुरवणारी कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आहे असे समजा. अशा वेळी बाहेरून थेट आत शिरता येत नाही. घरच्या संगणकाने आपण होऊन बाहेरच्या एखाद्या सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवावी लागते. एन्कोडरचे पान मात्र व्हीपीएनशिवाय इंटरनेटवर उघडे ठेवू नका. या यंत्रांचे मूळ पासवर्ड सर्वांना ठाऊक असतात.

घरी संगणक ठेवणे अजिबात शक्य नसेल आणि तुमच्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड करणे भाग असेल, तर निदान स्क्रीन रेकॉर्ड करणे थांबवा. आलेले चित्र ब्राउझर उलगडतो, रेकॉर्डर ते पुन्हा दाबतो, त्यात स्पष्टता जाते. वर ब्राउझरने गाळलेल्या फ्रेम आणि अखंड चाललेला आवाज यांचा मेळ सुटत जातो, आणि तुमच्या ओठ-आवाजाच्या तक्रारीचे मूळ बहुतेक तिथेच आहे. त्याऐवजी एन्कोडरच्या स्ट्रीमचा पत्ता थेट एफएफएमपेगला द्या आणि कॉपी पद्धतीने साठवा. स्ट्रीम आरटीएसपी या पद्धतीचा असेल तर तो यूडीपीऐवजी टीसीपीवरून घ्या; यूडीपीत हरवलेला डेटा पुन्हा पाठवला जात नाही, टीसीपीत पाठवला जातो. एसआरटी या स्ट्रीमिंग पद्धतीची सोय असेल तर ती त्याहून चांगली, परंतु हरवलेल्या डेटाची वाट पाहण्याची तिची मुदत मुळात केवळ १२० मिलिसेकंद असते. दूरच्या खंडात डेटाला जाऊन परत यायला २०० ते २५० मिलिसेकंद सहज लागतात, म्हणजे डेटाचा हरवलेला तुकडा (पॅकेट) पुन्हा मागवला तरी तो मुदतीत पोहोचूच शकत नाही. ही मुदत जाण्यायेण्याच्या वेळेच्या निदान चौपट ठेवावी असा प्रघात आहे. रेकॉर्डिंगला घाई नसल्याने मी ती सरळ तीन-चार सेकंद ठेवतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये बीटामॅक्स खटल्यात, नंतर पाहण्यासाठी घरी केलेले रेकॉर्डिंग ५ विरुद्ध ४ मतांनी वैध मानले. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातही सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरात केलेल्या खासगी रेकॉर्डिंगला मुभा आहे. मात्र दोन्ही ठिकाणी विचार घरातल्या वापराचा आहे, आणि ग्राहक म्हणून केलेल्या करारात वेगळ्या अटी असू शकतात, तेव्हा तो करार वाचा. एचडीएमआयमधून येणाऱ्या चित्राला एचडीसीपीचे, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाचे, संरक्षण असेल तर नियम पाळणारा एन्कोडर काळा पडदाच दाखवेल. ते संरक्षण काढून टाकणारी उपकरणे वापरण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण अनेक देशांत ते बेकायदा आहे. बॉक्सला अॅनालॉग आउटपुट दिलेला असेल तर तो वापरून पाहा. रेकॉर्डिंग स्वतःपुरते ठेवा आणि पुढे कोणाला पाठवू नका.

ती न उघडणारी चार तासांची फाइल अजून डिस्कवर असेल तर पुसू नका. त्याच लॅपटॉपवर, त्याच रेकॉर्डरमध्ये, अगदी त्याच सेटिंगवर पाच मिनिटांची एक चांगली फाइल तयार करा. अनट्रंक नावाचा मोफत प्रोग्रॅम त्या चांगल्या फाइलच्या आधारे बिघडलेल्या फाइलची अनुक्रमणिका पुन्हा बांधण्याचा प्रयत्न करतो. आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि प्रयोग त्या प्रतीवरच करा.