घरात दोन भाषा, बाळ गोंधळंल का?

अगं गोंधळत नाही, घाबरू नकोस. माझी दोन्ही पोरं वडगावात वाढली, घरात मराठी, शेजारच्या अज्जी कन्नडच बोलायच्या, आणि मीपण पहिल्या वेळी तुझ्यासारखीच अज्जींकडं सोडायला भीत होते, आता वाटतं उगीच भ्याले.

जन्मताना बाळाचा मेंदू कुठल्याबी भाषेला तयार असतो, ही निसर्गाची देणगी, पण कुठले आवाज पक्के व्हायचे ते आजूबाजूची माणसं ठरवतात. १९८४ साली कॅनडात तपासलेलं, इंग्रजी घरातली ६-८ महिन्यांची बाळं हिंदीतला त आणि ट वेगळा ओळखायची, आणि वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचं ते गेलं, कारण घरात ते ऐकायलाच मिळत नव्हतं. आपल्याकडं बघ, कन्नडमध्ये आखूड ए घेऊन 'बेळे' म्हटलं तर पीक आणि लांबवलं की डाळ, आपल्याला हा फरक मोठेपणी शिकताना घाम फुटतो, बाळ मात्र अज्जींच्या मांडीवर बसून ऐकतंय नुसतं. टीव्ही लावून हे होत नाही हं, समोर माणूस बोलायला पाहिजे.

चालण्याचीबी तशीच काळजी नको, डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) हिशोबात साधारण ८ ते १८ महिन्यांत कधीपण चालतात, जावेच्या पोराशी तुलना करू नको. तेलमालिश, मांडीवर उभं करणं चालू ठेव. फक्त वर्ष झालं तरी बडबड नाही, हाक मारली तर वळत नाही असं असेल तर 'दोन भाषांमुळं असेल' म्हणून थांबू नको, लगेच कान तपासून घे.