अंगावरून पांढरं जातंय, डॉक्टरांना कधी दाखवायचं?

प्रश्न: मॅडम, मी 34 वर्षांची, दोन मुलं आहेत. गेले दोन महिने अंगावरून पांढरं खूप जातंय, खाली खाज येते, लघवीला चुरचुरतं. मेडिकलमधून एक गोळी आणि ट्यूब आणली, आठवडाभर बरं वाटलं, परत सुरू. कंबरही दुखते. सासूबाई म्हणतात हाडं झिजून जातायत, डिंकाचे लाडू खा. लेडी डॉक्टर तालुक्याला आहेत पण तपासून घ्यायची लाज वाटते. (नाव छापू नये)

उत्तर: ताई, हाडं झिजून पांढरं जात नाही, हे आधी मनातून काढून टाका. योनीमार्ग आणि गर्भाशयाचं तोंड ओलं राहावं म्हणून तिथे रोज थोडा स्राव तयार होतोच, त्यात लॅक्टोबॅसिलाय नावाचे आपल्या कामाचे जंतू असतात, ते आम्ल तयार करतात म्हणून तिथला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण 3.8 ते 4.5 राहतो आणि इतर जंतूंना सहज वाढता येत नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत हा स्राव पातळ, बोटांत ताणला जाणारा असतो, पाळीच्या आधी घट्ट होतो, गरोदरपणात वाढतो, निकरवर वाळला की पिवळट डाग पडतो. खाज नाही, वास नाही, तर त्यात आजार काहीच नाही आणि शक्तीही जात नाही.

तुमचं मात्र तसं नाही. खाज आणि चुरचुर आहे म्हणजे इन्फेक्शन असणार, आणि आधी संशय बुरशीचा, म्हणजे कॅन्डिडाचा. त्यात दह्याच्या कवड्यांसारखं घट्ट पांढरं जातं, वास फारसा नसतो, खाजेने जीव नको होतो. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर किंवा शुगर वाढलेली असली की हे जास्त होतं आणि परत परत येतं, म्हणून शुगर तपासून घ्या, लाडवांचं त्यानंतर बघू. पण राखाडी पातळ जात असेल आणि माशासारखा वास येत असेल, विशेषतः संबंधानंतर, तर तो बुरशीचा प्रकार नाही, तिथले चांगले जंतू कमी होऊन दुसरे वाढलेले असतात. हिरवट पिवळं फेसाळ गेलं तर ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचा संशय, तो संबंधातून येतो आणि तेव्हा नवऱ्यानेही गोळ्या घ्यायच्या असतात, नाहीतर तुम्ही बऱ्या होणार आणि परत तेच. आता अडचण अशी की ही तिन्ही दुखणी पुस्तकात वेगळी दिसतात, प्रत्यक्षात एकमेकांत मिसळलेली असतात आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. काउंटरवर उभं राहून हळू आवाजात सांगितलेल्या दोन वाक्यांवरून ते कुणालाच ओळखता येणार नाही. त्यातून मेडिकलवर मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, खाज लगेच थांबते आणि इन्फेक्शन आत तसंच राहतं. ती ट्यूब आता बंद करा.

लाजेबद्दल. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली होती, 1989 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा गुप्तरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. म्हणजे दुखणं घरोघरी आणि दाखवणाऱ्या हाताच्या बोटांवर. मला हे आकडे आजही अस्वस्थ करतात.

तपासणीत काय होतं ते सांगते म्हणजे भीती कमी होईल. टेबलावर गुडघे वाकवून झोपायचं, वरून चादर असते, स्पेक्युलम नावाचं छोटं साधन आत ठेवून डॉक्टर गर्भाशयाचं तोंड बघतात. थोडं ताणल्यासारखं वाटतं, अंग सैल सोडलं की कमी वाटतं. कापसाच्या काडीने स्राव घेतात, एक थेंब पीएचच्या कागदावर, एक काचेवर आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे की दुसरं काही ते दिसतं. ही सोय सगळीकडे नसते पण नुसतं डोळ्यांनी बघूनही पुष्कळ कळतं. जायच्या आधी दोन दिवस आत क्रीम, गोळी काही ठेवू नका आणि पाळी चालू असताना जाऊ नका. तालुक्याचं जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक, म्हणजे अशा इन्फेक्शनचा आणि गुप्तरोगांचा दवाखाना असतो, तिथे तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. कंबरेचं वेगळं सांगा, त्याचं कारण बऱ्याचदा दुसरंच असतं, हिमोग्लोबिनही बघून घ्या.

आणि थांबायचं नाही ते केव्हा, तर ओटीपोटात दुखतंय, ताप आलाय, पू जातोय, संबंधाच्या वेळी आत दुखतंय, किंवा तांबी बसवल्यानंतर हे सुरू झालंय. इन्फेक्शन गर्भनलिकांपर्यंत चढलेलं असू शकतं, पुढे मूल राहायला अडचण येते. पाळी चुकलेली असताना पोटात दुखलं तर त्याच दिवशी दवाखाना. गरोदर बाईच्या अंगावरून पाण्यासारखं जायला लागलं तरी तसंच, सकाळची वाट बघू नका.

प्रश्न: मी 19 वर्षांची आहे, हॉस्टेलला राहते. वास येऊ नये म्हणून रोज इंटिमेट वॉशने आतून धुते, तरी स्राव वाढलाच आहे.

उत्तर: अगं, आतून धुणं आजच बंद कर. ते चांगले जंतू वाहून जातात आणि त्यानेच वास आणि स्राव वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे. सुती निकर घाल, ओली राहिली तर बदल. पंधरा दिवसांत कमी झालं नाही किंवा खाज सुटली तर दाखव, लग्न झालेलं नाही म्हणून डॉक्टरांकडे जायचं नाही असं काही नसतं.

प्रश्न: आई 58 वर्षांची, पाळी जाऊन आठ वर्षं झाली. महिनाभर गुलाबीसर पाण्यासारखं जातंय, वास येतो. ती म्हणते वयामुळे होतं, जाऊ दे.

उत्तर: जाऊ देऊ नका, याच आठवड्यात घेऊन जा. पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक डागसुद्धा तपासल्याशिवाय सोडायचा नसतो. बऱ्याचदा कारण साधं निघतं, कोरडेपणामुळे आतली त्वचा पातळ होऊन रक्त येतं आणि औषधाने ते थांबतं. पण गर्भाशयाच्या तोंडाचा किंवा आतल्या अस्तराचा कॅन्सर नाही ना हे बघावंच लागतं, आपल्या देशात बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतर दुसरा नंबर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा आहे आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. डॉक्टर आतून बघतील, पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी घेतील, सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतील, ती 4 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तुकडा तपासायला पाठवतील. आरोग्य केंद्रात 30 ते 65 वयाच्या बायकांची व्हीआयए, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला औषध लावून डोळ्यांनी बघण्याची तपासणी होते, ती चांगलीच आहे, पण ती त्रास नसलेल्यांसाठी. आईंना त्रास आहे, त्यामुळे थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच न्या, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा, शक्य असेल तर तपासणीच्या वेळी तुम्ही आत थांबा.