फेंडरच्या हॉट रॉड डिलक्स गिटार अँपमध्ये नवीन ६एल६ पॉवर ट्यूब टाकल्या, बायस (काही वाजत नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट) किती ठेवू? कुणी ६० सांगतं, कुणी ५०

दोघंही बरोबर सांगतायत, फक्त दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. ६० मिलिव्होल्ट हा फेंडरच्या सर्किट डायग्रामवरचा आकडा, टीपी३० नावाच्या टेस्ट पॉइंटवर मोजायचा. तिथे १ ओहमचा रेझिस्टर आहे, म्हणून जितके मिलिव्होल्ट तितकेच मिलिअँपियर, पण तो रेझिस्टर दोन्ही ट्यूबना मिळून एकच आहे! म्हणजे एका ट्यूबच्या वाट्याला ३०च. ५० येतो तो ७० टक्क्यांच्या हिशोबातून: ६एल६जीसीचं प्लेट डिसिपेशन, म्हणजे ट्यूबची प्लेट जास्तीत जास्त किती उष्णता सोसते ते, ३० वॅट, त्याचे ७० टक्के २१, प्लेटवर साधारण ४२० व्होल्ट धरले की भागून ५० मिलिअँपियर, आणि हे एका ट्यूबचं. तुम्ही हा ५० टीपी३०वर लावलात तर ट्यूब गार पडणार, म्हणजे करंट कमी पडणार, वाजवलेला सूर विरताना खरखर येणार आणि तुम्ही स्पीकरला दोष देत बसाल.

शिवाय ७० टक्के ही वरची हद्द आहे, तिथे पोचलंच पाहिजे असं कुठेय? मी ह्या अँपला टीपी३०वर ७०च्या आसपास ठेवतो. क्लीन आवाज भरीव राहतो, ट्यूबही टिकतात. त्याहून गरम केलात तर आवाज लवकर फाटायला लागतो, काहींना तेच हवं असतं, पण ट्यूब लवकर जातात आणि फारच वर गेलं तर प्लेट लाल दिसायला लागते, तसं दिसलं की लगेच बंद.

आता करायचं कसं. आधी एक, आत ४००च्या वर डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा हाय व्होल्टेजवर कधी काम केलं नसेल तर जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारा कुणी शोधा, खरंच. करणारच असाल तर अँप बंद असताना, कपॅसिटर उतरलेत हे मीटरने बघून, मीटरची काळी पिन चासीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) आणि लाल टीपी३०ला क्लिपने अडकवा, मग हात बाहेर आणि मगच ऑन. स्पीकर जोडलेलाच हवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गमावाल. सगळे व्हॉल्यूम शून्यावर, स्टँडबाय काढून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मग प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने बायसचा पॉट (करंट कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) अगदी हळू फिरवा, एक हात खिशात. आकडा थोडा सरकत राहतो, थांबून परत बघा.

आणि आपल्याकडची गोष्ट म्हणजे लाइनचं व्होल्टेज. घरात दुपारी २१५ आणि रात्री २४५ येत असेल तर प्लेट व्होल्टेजही त्याच प्रमाणात वरखाली होतं, म्हणून बायस लाइन चढलेली असताना करा, नाहीतर दुपारी नीट लावलेला रात्री गरम जातो. अँप अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरमधून किती निघतंय तेही आधी मोजा, बरेच स्वस्तातले जास्तच देतात.

ट्यूबची जोडी मॅच्ड घ्या, कारण इथे पॉट एकच आहे, दोघींना वेगळं वेगळं लावता येत नाही. आणि पुढच्या तीन १२एएक्स७ या छोट्या ट्यूबांचाही बायस करून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका, त्यांना ॲडजस्टमेंटच नसते, काढा आणि नवीन बसवा.