तडा कुठून सुरू होतो? : वाचकांचे प्रश्न, गोदीतली उत्तरं

प्रश्न : मी गोकुळ शिरगावला फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्डर आहे. सध्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचं काम आलंय. मोठे सांधे तपासतात ते समजतं. पण केबल धरायच्या वीतभर क्लीटलासुद्धा इन्स्पेक्टर डीपी (बारीक तडा दाखवणारा रंग) मारून बघतो, आणि जरा अंडरकट (वेल्डच्या काठाला पडलेली खाच) दिसला की ग्राइंडर मारायला लावतो. क्लीटवर वजन तर काहीच नाही. मालक म्हणतात, हा नुसता छळ आहे.

उत्तर : भावा, हा अंक मालकांना वाचायला दे.

क्लीटवर वजन नाही हे कबूल. पण ती ज्या पायपाला चिकटलीय त्याच्यावर आहे ना! पायपातून जाणारा ताण क्लीटच्या वेल्डपाशी आला की तिथं दाटतो. गोकुळच्या दुधाची पिशवी दोन्ही हातांनी ओढून बघ, दाद देत नाही. कोपऱ्याला दातानं जरा चीर दिली की सर्रकन फाटते. अंडरकट म्हणजे तूच दिलेली ती चीर.

आता खरी हकिगत सांगतो. 'अलेक्झांडर किलँड' नावाचा नॉर्वेचा तरंगता प्लॅटफॉर्म होता. पाच खांब, खांबांखाली तरंगायला पोकळ पाय, आणि खांबांना बांधून ठेवणाऱ्या जाडजूड नळ्या. १९७६ मध्ये फ्रान्समध्ये बांधला. ड्रिलिंगऐवजी तो उत्तर समुद्रात कामगारांच्या राहण्यासाठी वापरत. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी, वादळी हवेत, एका खांबाची एक नळी तुटली. तिचा भार बाकीच्या नळ्यांवर गेला, त्या पटापट तुटल्या आणि अख्खा खांबच निघून गेला. प्लॅटफॉर्म कलला आणि थोड्याच वेळात उलटा झाला. वर २१२ माणसं होती, १२३ गेली.

चौकशीत तडा सापडला तो कुठं? माणूस आत उभा राहील एवढ्या त्या नळीला भोक पाडून हायड्रोफोन बसवायचा एक छोटा आधार जोडला होता. हायड्रोफोन म्हणजे पाण्यातला आवाज ऐकणारं यंत्र. त्या आधाराचा वेल्ड ६ मिलिमीटरचा फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड. त्याच्यावरही वजन काहीच नव्हतं! म्हणून त्याच्याकडं कुणी बघितलंही नाही. तुटलेल्या पृष्ठभागावर रंगाचे अंश मिळाले. म्हणजे प्लॅटफॉर्म गोदीत असतानाच तडा होता, आणि त्याच्यावरून ब्रश फिरवला गेला होता. दुसरा दोष डिझायनरचा : एक नळी गेली तर भार पेलायला दुसरी वाट ठेवली नव्हती. सगळं वेल्डरच्या माथी मारू नये, म्हणून हेही सांगतो.

समुद्रात एका दणक्यानं मोडणं विरळा. सरासरी सहा सेकंदांना एक लाट धरली तरी वर्षाला पन्नास लाखांवर लाटा होतात. दर लाटेला पायपाची ओढ-दाब, ओढ-दाब. तडा केसाएवढा असला तरी दर खेपेला किंचित पुढं सरकतो. यालाच फटीग म्हणतात. आणि मालकांना सांग, महागडं जास्त ताकदीचं पोलाद आणून यातून सुटका नाही. ग्राइंड न केलेल्या वेल्डचं फटीगपुढचं आयुष्य पोलादाच्या ताकदीनं जवळजवळ वाढतच नाही. ते ठरतं वेल्डच्या काठाच्या आकारावर. ग्राइंडर फिरवून तो काठ गुळगुळीत केला की आयुष्य खरंच वाढतं. तुझा इन्स्पेक्टर छळत नाहीये, फुकटातला सर्वांत चांगला उपाय करून घेतोय.

दोन गोष्टी आणखी. ग्राइंडरच्या रेघा पायपाच्या लांबीच्या दिशेनं राहू देत, आडव्या नकोत. आणि उचलायला लावलेले लग (लोखंडी कान) काम झाल्यावर हातोड्यानं ठोकून पाडू नका. थोडं वर ठेवून गॅसनं कापा, मग ग्राइंड करून सपाट करा आणि पुन्हा डीपी मारा. ठोकून पाडलेला लग पायपाचा लचका घेऊन जातो, हे मी गोदीत पुष्कळदा बघितलंय.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आम्हांला प्रयाग चिखलीतून बोटीनं बाहेर काढलं. जवान कुणाला उभं राहू देत नव्हते, आणि एक जण सारखा डब्यानं पाणी उपसत होता. बोटीत पाणी तर घोटाभरच होतं. एवढी घाई कशाला?

उत्तर : उभं राहिलं की गुरुत्वमध्य वर जातो, बोट कलंडायला सोपी होते. हे तुम्हांलाही माहीत असणार. पाण्याचं प्रकरण मात्र जास्त घातक आहे. बोट जरा कलली की आतलं पाणी खालच्या बाजूला धावतं, त्यानं ती आणखी कलते, मग आणखी पाणी धावतं. हा परिणाम पाणी किती यापेक्षा ते किती रुंदीत मोकळं फिरतं यावर जास्त अवलंबून असतो, तोही रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून टँकर जहाजांत टाक्यांना उभ्या भिंती घालतात. मधोमध एकच भिंत घातली तरी परिणाम चौथाईवर येतो.

गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत अशा भिंती घालता येत नाहीत, गाड्या फिरणार कुठून? ६ मार्च १९८७ ला 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरीबोट बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून पुढचा दरवाजा उघडा ठेवूनच निघाली. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं आणि काही मिनिटांत ती आडवी झाली. १९३ माणसं गेली. तुमच्या बोटीतला तो डबेवाला अगदी योग्य काम करत होता.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. नेव्हल आर्किटेक्ट व्हायचं म्हणते. आम्हांला तिला सहा-सहा महिने समुद्रावर पाठवायचं नाही. काय करावं? (एक आई, राजारामपुरी)

उत्तर : ताई, जहाजावर जातात ते मरीन इंजिनियर आणि डेकवरचे अधिकारी. नेव्हल आर्किटेक्ट जहाजाचं डिझाइन करतो. त्याचं काम ऑफिसात आणि गोदीत. खरगपूर आणि मद्रास आयआयटीत हा अभ्यासक्रम आहे, तिथं जेईईतून प्रवेश. कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात आहे आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम कॅम्पसमध्येही आहे. या दोघांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या. गणित आणि फिजिक्स आवडत असेल तर खुशाल जाऊ दे. आणि उद्या तिलाच समुद्रावर जावंसं वाटलं, तर तो प्रश्न तिला विचारू द्या, मी तिलाच उत्तर देईन.