कितीपैकी किती?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेडिकलचा प्रवेश दोनदा हुकला. आता सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे एमपीएच, करावं असं मनात आहे. पण घरचे विचारतात, "डॉक्टर नाहीस, मग तिथे करणार काय? फायली उचलणार?" डॉक्टर नसलेल्याला या क्षेत्रात खरंच वाव आहे का? विद्यापीठ निवडताना काय पाहावं?

उत्तर : मी स्वतः डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकले आणि गेली २२ वर्षं साथींच्या मागे फिरते आहे. घरी एवढं सांगितलंत तरी निम्मी शंका फिटेल. (फायली मीही उचलल्या, ते मात्र सांगू नका.)

पण मेडिकल हुकलं म्हणून हे, अशा मनाने येणार असाल तर दोन महिन्यांत कंटाळाल. डॉक्टरसमोर एक आजारी माणूस बसलेला असतो. आपल्यासमोर अख्खी वस्ती असते आणि तिच्यातले बहुतेक लोक धडधाकट असतात. त्यांनाही मोजावं लागतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण कळलं पहिल्या साथीत.

जुलाबाची साथ होती. मी दिवसभर दवाखान्यांच्या नोंदवह्या चाळून रुग्णांची यादी केली. मोठ्या वसाहतीत ४१ रुग्ण, शेजारच्या चाळवजा घरांत ९. संध्याकाळी ऐटीत सांगितलं, उगम वसाहतीत आहे, तिथलं पाणी तपासू या. आमचे वरिष्ठ चष्मा पुसत म्हणाले, "४१, पण कितीपैकी?" वसाहतीत राहत होते दोन हजारांवर लोक, त्या घरांत जेमतेम १२०. म्हणजे तिकडे शंभरात दोन, इकडे शंभरात साडेसात. दुसऱ्या दिवशी त्या घरांमागे खणलं, तर नळाची लाइन गटाराला खेटून गेलेली आणि सांध्यात फुटलेली. पाणी ठरावीक वेळच सुटायचं. ते बंद झालं की पाइपातला दाब उतरायचा आणि गटाराचं पाणी आत शिरायचं. मी एक अख्खा दिवस चुकीच्या ठिकाणी घालवला होता, कारण माझ्या अपूर्णांकाला छेदच नव्हता.

या विषयात सगळे जॉन स्नो या लंडनच्या डॉक्टरची, कॉलऱ्याच्या साथीत दूषित पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावल्याची गोष्ट सांगतात. मला त्याचं त्याच वर्षीचं, १८५४ मधलं, दुसरं काम जास्त भावतं. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवत. सदर्क अँड वॉक्सहॉल कंपनी थेम्सचं शहराच्या घाणीतून आलेलं पाणी उचले. लॅम्बेथ कंपनीने आपलं उचलण्याचं ठिकाण १८५२ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला नेलं होतं. एकाच रस्त्यावर शेजारी-शेजारी दोन्हींचे नळ. कॉलऱ्याने जिथे मृत्यू झाला त्या घरी जाऊन पाणी कुणाचं, हे विचारायचं. राहणाऱ्यांनाच ठाऊक नसेल तर पाण्याचा नमुना घ्यायचा आणि त्यातल्या मिठाच्या प्रमाणावरून कंपनी ओळखायची. हिशेब निघाला तो असा : पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे ३१५ विरुद्ध ३७. रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू दाखवून द्यायला अजून जवळपास ३० वर्षं होती.

एमपीएचमध्ये साधारण हेच शिकवतात : साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, पर्यावरण व आरोग्य, आरोग्य धोरण व व्यवस्थापन, आणि लोकांचं वागणं समजून घेणारं समाजशास्त्र. शेवटच्याला मुलं हलकं समजतात. लस उत्तम आहे, शीतपेटीत २ ते ८ अंशांत नीट ठेवलेली आहे, आणि आई दार उघडत नाही, असा प्रसंग आला की त्याची किंमत कळते.

विद्यापीठाचं माहितीपत्रक मी फारसं वाचत नाही. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा : प्रत्यक्ष फील्डवर किती आठवडे गेलात, आणि सोबत कोण होतं? आकडेवारीचं विश्लेषण 'आर' किंवा 'स्टाटा' या संगणक प्रणालींवर स्वतःच्या हाताने केलंत, की फळ्यावर पाहिलंत? या दोन उत्तरांत सगळं येतं. आणखी एक : काही पदं वैद्यकीय पदवीधरांसाठीच राखीव असतात. ज्या नोकरीवर डोळा आहे तिची जाहिरात प्रवेशाआधी वाचा, नंतर नको.

कामं पुष्कळ आहेत. सूक्ष्मजीवशास्त्र झालेल्याला रोगसर्वेक्षण आणि प्रयोगशाळांचं जाळं सांभाळणं हे जवळचं. आकड्यांची गोडी लागली तर औषधचाचण्यांत जैवसांख्यिकीतज्ज्ञ लागतात. आरोग्य अर्थशास्त्र, कारखान्यांतलं व्यावसायिक आरोग्य, संस्थांच्या कार्यक्रमांचं मूल्यमापन, आरोग्यसंवाद, असेही रस्ते फुटतात. मात्र यातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पाच्या असतात. निधी आटला की टेबल उचलायचं. माझंही दोनदा उचललं गेलं. दुसऱ्या वेळी तर सर्वेक्षणाचे अर्धे फॉर्म संगणकात भरायचे राहिले होते. ते अजून कुठल्याशा कपाटात असतील, याचा मला आजही राग येतो.

अमेरिकेत १९५१ मध्ये साथींच्या तपासासाठी 'एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस' सुरू झाली. तिचं बोधचिन्ह आहे फिरून-फिरून भोक पडलेला बुटाचा तळवा. घरच्यांना तेही दाखवा.

प्रश्न : मी ४१ वर्षांची परिचारिका आहे, वॉर्डात १७ वर्षं काढली. सार्वजनिक आरोग्य शिकायचंय, पण गणिताची धास्ती आहे. उशीर झाला का?

उत्तर : नाही. संसर्ग नियंत्रणाच्या कामाला वॉर्ड ओळखणारी माणसंच लागतात. गणित म्हणाल तर सुरुवातीला गुणोत्तर आणि टक्केवारी पुरते, बाकीचं हळूहळू अंगवळणी पडतं.

वरिष्ठांची परवानगी घेऊन एक वही करा. महिनाभर रोज ठरल्या वेळी, वॉर्डात किती जणांना लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, लावलेली आहे ते मोजून लिहा. नावं लिहायची नाहीत. महिन्याची बेरीज झाली की ते तुमचे 'कॅथेटर-दिवस'. नळीमुळे मूत्रमार्गाचा संसर्ग झाल्याचं डॉक्टरांनी ज्यांच्या कागदावर नोंदवलं, त्यांची संख्या या बेरजेने भागा आणि हजाराने गुणा. जगभरची रुग्णालयं हा दर असाच काढतात. प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या.