दारावरची पाटी

"मॅडम, इथे आम्ही कुणालाच नको आहोत." परदेशी गेलेल्या घरांतून हे वाक्य माझ्या कानावर फार येतं, तेही बहुधा पहिल्याच हिवाळ्यात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

ही पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षांच्या मुलाला घेऊन जर्मनीत श्टुटगार्टला गेलेली. आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलायचो. माझ्याकडे रात्रीचे साडेआठ, तिच्याकडे दुपारचे चार, आणि डिसेंबरात तिच्या खिडकीत तेव्हाच अंधारून यायला लागलेलं.

जिन्यात 'हालो'च्या पुढे कुणी बोलत नाही. सात महिन्यांत घरी कुणी आलं नाही. एका रविवारी नवऱ्याने फळी ठोकायला ड्रिल चालवलं, तर दुसऱ्या दिवशी टपालपेटीत खालच्या आजींची चिठ्ठी. आणि मग दाराच्या मुठीला कुणीतरी अडकवलेली ती पाटी! "आमच्याच दाराला का?" म्हणत ती रडली.

मी वहीत दोन रकाने आखायला सांगितले. डावीकडे काय घडलं तेवढंच, उजवीकडे आपण लावलेला अर्थ.

पुढच्या वेळी तिने चिठ्ठी शब्दशः वाचली. रविवारी इथे शांतता पाळतात, कृपया ड्रिल इतर दिवशी वापरा, खाली नाव. पाटीवर होतं 'केरवोखे'. त्या श्वाबेन भागातली ही जुनी रीत: घरांनी आळीपाळीने जिना झाडायचा, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. "मॅडम, केर तर आपलाच शब्द वाटतो!" सात महिन्यांचं ओझं घेऊन आलेली ती पहिल्यांदा हसली. डाव्या रकान्यात आणखी एक नोंद सापडली. तिचं पार्सल आजींनी दोनदा सांभाळून ठेवलं होतं.

सगळेच गैरसमज असतात असं मी म्हणत नाही. रंगावरून टोमणे, मुद्दाम दिलेला त्रास हेही खरं असतं, आणि ते सोसू नये. मी एवढंच विचारायला सांगते: हाच नियम बाकीच्या घरांनाही आहे ना?

आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण चहा घेऊन येते, पाणी किती वाजता येतं ते सांगते. जर्मनीत साधारणपणे नव्याने आलेल्याने बेल वाजवून ओळख करून द्यायची असते. ही आत बसून बेलची वाट पाहत होती. कदाचित खालीही कुणी पाहत असेल.

भाषा पूर्ण येईपर्यंत थांबू नका, तीन वाक्यं पुरेत, असं मी म्हटलं. मुलाचा हात धरून, डब्यात बेसनाचे लाडू घेऊन ती खाली गेली. आजींनी आत बोलावलं नाही, दारातच बोलल्या. तिला थोडं लागलं. पण मुलाचं नाव त्यांनी दोनदा विचारून नीट म्हणून पाहिलं.

त्या शनिवारी जिना पुसून झाल्यावर तिने पाटी शेजारच्या दाराला अडकवली, आणि बेलही वाजवली.