कँपेरच्या ताटल्या आणि लेकीचे पैसे

फ्रान्समधल्या रेन शहरातून एका ताईंनी विचारलंय: ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर शहरात बनलेल्या, हाताने रंगवलेल्या सोळा ताटल्या जुन्या वस्तूंचा एक व्यापारी ४,५०० युरोंना देतोय. ‘१८८० च्या सुमाराच्या आहेत, दहा वर्षांत दुप्पट होतील,’ असं तो म्हणतो. लेकीच्या लिव्हरे आ या सरकारी हमीच्या बचत खात्यातून पैसे काढून घ्याव्यात का?

ताई, त्या खात्याला हात लावू नका.

तुम्ही पाठवलेला मागच्या बाजूचा फोटो मी नीट पाहिला. त्यावर ‘हेनरिओ कँपेर’ असं कारखान्याचं पूर्ण नाव आहे. हा कारखाना १९२२ पर्यंत नुसती ‘एचआर’ ही अक्षरं टाकायचा. ‘एचबी’ या शेजारच्या जुन्या कारखान्याने हरकत घेतल्यावर पूर्ण नाव आलं. म्हणजे तुमच्या ताटल्या १९२२ नंतरच्या आहेत. व्यापाऱ्याने चाळीसेक वर्षं वाढवून सांगितली आहेत, आणि किंमत त्या वर्षांचीच लावली आहे.

वय खरं असतं तरी माझं उत्तर बदललं नसतं. आज तुम्ही दुकानातली किंमत मोजणार. उद्या विकायला गेलात की व्यापारी बऱ्याचदा त्याच्या निम्मीच देतो. लिलावगृह कमिशन दोन्हीकडून कापतं. त्यात फायान्सची, म्हणजे या चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या मातीच्या भांड्यांची, झिलई नाजूक, काठाचा एक टवका उडाला तरी भाव पडतो. कराची मात्र काळजी नको: जुन्या, संग्राह्य वस्तू विकल्यावरचा कर फ्रान्समध्ये ५,००० युरोंपर्यंतच्या विक्रीवर लागत नाही, त्यापुढे पूर्ण किमतीवर ६.५ टक्के. लिव्हरे आ मधल्या रकमेला सरकारी हमी आहे, व्याज करमुक्त आहे आणि लेकीच्या शिक्षणाच्या फीची तारीख आली की पैसे त्याच दिवशी हातात येतात. ताटल्यांना गिऱ्हाईक कधी मिळेल, कुणी सांगावं?

तरीही त्या ताटल्यांवर तुमचा जीव जडलाय, हे पत्रातून कळतं. कँपेरच्या लोकमारिया भागात १६९० पासून हे काम चालत आलंय. ताटल्यांवरचा फुगीर विजारीतला तो ब्रेतॉन, म्हणजे ब्रिटनीचा, शेतकरी ज्या हातांनी रंगवला, त्यांचा फटकारा कुठल्याही ताटलीवर तंतोतंत तसाच पुन्हा येत नाही. तेव्हा घरखर्चातून उरलेल्या पैशांत एक घ्या, मन भरेल अशी, आणि भिंतीवर लावा.

घेताना बिलावर काळ लिहून मागा. ३ मार्च १९८१ च्या फ्रेंच आदेशानुसार ग्राहकाने मागितलं तर व्यावसायिक विक्रेत्याला वस्तूचं वय आणि मूळ लेखी द्यावं लागतं. ‘१८८०’ लिहायला तो कचरला, तर तिथूनच परत फिरा.